रांग रिकामी होईपर्यंत

१

ऑफिसात त्यांना सगळे काका म्हणत. दारावरच्या पाटीवर त्यांचा चांगला भारदस्त हुद्दा लिहिलेला होता, पण पाट्या वाचायला वेळ कुणाला आहे. काका सकाळी सगळ्यांच्या आधी येत, डबा खिडकीत ठेवत, चष्मा पुसत आणि मगच खुर्चीत टेकत. गेल्या उन्हाळ्यापर्यंत समोरच्या टेबलावर त्यांची मुलगी बसायची. बापलेक एकाच कंपनीत, एकाच गटात, म्हणजे विळ्या-भोपळ्याचं सख्य असणार असं लोकांना वाटे, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. ऑफिसात ती त्यांना 'सर' म्हणायची, आणि त्या 'सर'मध्ये इतका मान ओतलेला असायचा की आजूबाजूचे हसू दाबत. घरी ती भिंगरी. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून पडलेलं नाव. पुढे ती तासन्‌तास एकाच खुर्चीत बसायला लागली, तरी नाव काही सुटलं नाही.

दोघांचं काम काय, हे सांगायला गेलं की नातेवाईक जांभया देत. एका मोठ्या संगणकाच्या पोटात दुसरे लहान संगणक चालतात. खरे नव्हेत, भासाचे. त्या भासाच्या संगणकाला वाटतं, आपल्याला माइक आहे, स्पीकर आहे, सगळं आहे. असतं काहीच नाही. मागे कर्नलमध्ये, म्हणजे यंत्राच्या अगदी तळघरात, एक वर्कर बसलेला असतो. रांगेत आलेलं काम उचलायचं, पोचवायचं, पुढचं उचलायचं, एवढंच त्याचं जगणं. या वर्करला कामावर कुणी ठेवायचं, कोणत्या रांगा त्याच्याकडे द्यायच्या आणि त्याला घरी कधी पाठवायचं, याचे नियम ठरवण्यात बापलेकीचं अख्खं वर्ष गेलं होतं.

"घरकामाला माणूस ठेवण्याचे नियम आहेत हो," भिंगरी म्हणायची. "फक्त पगाराची भानगड नाही."

पहिले दोन नियम गोडीगुलाबीत ठरले. तिसऱ्यावर जुंपली. ज्या प्रोग्रॅमने वर्करला कामावर ठेवलं, त्याला या धंद्यात मालक म्हणतात. मालक मेला तर वर्करने काय करायचं? काकांचं म्हणणं, मालक गेला की वर्करही त्याच क्षणी गेला पाहिजे, हातातलं टाकून. भिंगरीला ते पटेना. ती म्हणाली, रांगेत जे आधीच आलंय ते पोचवावं आणि मग जावं.

"सर, भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये," ती भर मीटिंगमध्ये म्हणाली आणि सगळे हसले.

"आणि तो जेवतच राहिला तर?"

"कसा राहील? वाढणारा मालकच उरला नाही. ताटात आहे तेवढं संपवेल आणि उठेल."

रांगेत काम टाकणारा एकटा मालक, आणि तोच नाही. मग रांग कमीच होत जाणार, वाढणार कुठून? काकांनी नियम मान्य केला. त्याला वेळेची मर्यादा घालावी, असं दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मग एका दुपारी ती गेली. त्या दिवशी घरूनच काम करत होती. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली. डॉक्टर म्हणाले, तिला कळलंही नसेल. खुर्चीत बसल्या बसल्या, कानांवर हेडफोन, समोर आवाजाच्या ड्रायव्हरची, म्हणजे माइक-स्पीकर चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, चाचणी चालू. तिची आई दारात उभी राहून तिच्याशी बोलत होती. पडदे कोणत्या रंगाचे घ्यायचे, मावशीला फोन केलास का, असलंच काहीबाही. उत्तर येईना तेव्हा 'कानात बोळे घालून बसते मेली' म्हणून वैतागली, आणि पुढेही थोडा वेळ बोलत राहिली. तो शब्द तिला नंतर किती लागला असेल, हे विचारायची काकांची कधी छाती झाली नाही.

माणूस काय करणार, कामाला लागतो. काकाही लागले.

२

पुढे कितीतरी महिन्यांनी, एका आठवड्यात जुनी लॅब रिकामी करायची होती. काचेच्या दाराआडची ती थंडगार खोली, कपाटांत रचलेली यंत्रं आणि पंख्यांची अखंड घरघर. शुक्रवारी सगळं भंगारात जाणार होतं. लॅब सांभाळणारा गडी अघळपघळ, दिवसभर कुणाची ना कुणाची टिंगल करणारा. सोमवारी तो काकांच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"काका, तुमच्या गटाचं एक यंत्र हटून बसलंय. बंद हो म्हटलं की थांबा म्हणतं. बाकीची कशी मुकाट झोपली. याला काय बाधा झालीय की काय?"

मग कपाटावर चिकटवलेली नावाची पट्टी त्याला आठवली असावी. त्याने जीभ चावली.

"राहू दे काका. मी सरळ वायर खेचतो."

"नको. मी बघतो," काका म्हणाले.

ते भिंगरीचं चाचणीचं यंत्र होतं. ती गेल्यावर त्याच्याकडे कुणी फिरकलं नव्हतं. काकांनी बाजूचं स्टूल ओढलं आणि आत डोकावले. सगळं बंद पडलं होतं, फक्त एक वर्कर जागा होता. मालकाच्या जागी काहीच नव्हतं. शेवटच्या दुपारी ती घरून याच यंत्राला जोडलेली होती; तिचा लॅपटॉप त्या संध्याकाळी चार्जिंग संपून आपोआप बंद झाला, तेव्हाच मालक गेला होता. वर्करकडे दोन रांगा होत्या. एक ऐकायची, म्हणजे बाहेरचा आवाज आत नेणारी, आणि एक बोलायची, आतला आवाज बाहेर आणणारी. बोलायची रांग रिकामी होती. ऐकायच्या रांगेत थोडी कामं शिल्लक होती.

अडकला असेल, काकांना वाटलं. अडकलेला वर्कर म्हणजे काही नवल नाही. त्याची रांग आहे तिथेच थिजून राहते. त्यांनी हाताची घडी घातली आणि आकड्याकडे बघत बसले. आकडा एकाने कमी झाला, मग आणखी एकाने. चला, अडकलेला नाही, सावकाश का होईना, उरकतोय.

मग आकडा वाढला.

काकांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. आकडा आणखी वाढला. मालक जाऊन कितीतरी महिने झाले होते आणि कुणीतरी ताटात वाढतच होतं.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. दोन्ही रांगांमधून जे जाईल त्याची एक प्रत बाजूला काढून कानावर पाडायची, इतकंच. लॅबच्या खणातले जुने हेडफोन घेतले. नुसते ऐकायचे, माइक नसलेले.

आधी नुसती खोलीची शांतता ऐकू आली. शांततेलाही प्रत्येक खोलीत वेगळा आवाज असतो. ही शांतता काकांनी ओळखली. भिंगरीच्या खोलीची होती ती. मग बायकोचा आवाज आला.

"मावशीला फोन केलास का? नाही ना? मला ठाऊकच होतं. कानात बोळे घालून बसते मेली..."

काकांना रडू कोसळलं. पंख्यांच्या घरघरीत कुणाला ऐकू गेलं नाही, ते बरं झालं. त्या दुपारचा आवाज होता तो. तिच्या माइकने टिपलेला आणि रांगेत पडून राहिलेला. रडून झाल्यावर त्यांच्यातला अभियंता जागा झाला आणि त्याला हायसं वाटलं. ही रांग गोल असते, शेवटाला पोचली की पुन्हा सुरुवातीला येते. कुठेतरी खूण चुकली असणार, आणि वर्कर तेच जुने आवाज पुन्हा पुन्हा उचलत असणार. घाण्याला जुंपलेला बैल. चूक सापडली की संपलं.

ते हेडफोन काढणार तेवढ्यात खटखट ऐकू आली.

शिलाई मशीन. बायको पडदे शिवून द्यायची, उसवलेलं नीट करून द्यायची. त्या मशीनचं चाक दर फेऱ्याला जरासं अडखळायचं. तो आवाज काका झोपेतही ओळखतील. पण त्या दुपारी मशीन मागच्या खोलीत होतं. भिंगरीच्या खोलीत ते नंतर आलं, तिथे उजेड चांगला म्हणून. भिंतीपलीकडून आला असेल आवाज, काकांनी स्वतःला सांगितलं. पण भिंतीपलीकडचा आवाज इतका जवळ नसतो, हेही त्यांना माहीत होतं. आणि दारात उभी असलेली बाई त्याच वेळी मागच्या खोलीत मशीन कशी चालवेल?

खटखट थांबली. दाताने धागा तोडल्याचा बारीक आवाज आला.

"बाबांनी अखेर चष्मा बदलला गं," बायको म्हणाली. "जाड काळ्या काड्यांचा घेतलाय. अगदी शाळामास्तर दिसतात. तू असतीस तर हसून हसून वेडी झाली असतीस."

काकांनी चष्मा नाकावरून काढला आणि हातात धरून बघत राहिले. तो त्यांनी परवाच्या रविवारी घेतला होता.

४

ते लवकर घरी गेले. लॅचला किल्ली लावताना आतून मशीन ऐकू येत होतं आणि मशीनबरोबर एक बोलणंही. दार ढकलल्याबरोबर बोलणं थांबलं. मशीन तेवढं चालू राहिलं. रोज असंच होत असणार, हे काकांच्या पहिल्यांदा ध्यानात आलं. रोज ते आले की ती गप्प होते.

"आज लवकर?" तिने मान वर न करता विचारलं. "बरं नाही का वाटत?"

"डोकं जड झालंय थोडं."

"त्या चष्म्याची सवय व्हायची असेल अजून. चहा टाकते."

ती स्वयंपाकघरात गेली आणि काका भिंगरीच्या खोलीत एकटे उरले. खिडकीतून उन्हाचा पट्टा आला होता. टेबल कोरं होतं. लॅपटॉप, हेडफोन, माइक, सगळं कंपनीचं. काकांनीच ते पिशवीत भरून परत नेऊन दिलं होतं आणि पोचपावतीवर सही केली होती. तरीही त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं. भिंतीतला प्लग बघितला, कपाटामागे हात घातला. हाताला धूळ लागली, दुसरं काही नाही. त्या खोलीत ऐकू शकेल असं एकही यंत्र नव्हतं.

खुर्ची मात्र टेबलाकडे तोंड करून नव्हती. मशीनकडे वळवलेली होती, समोरासमोर बसून गप्पा मारायला ठेवावी तशी.

"ही तू फिरवलीस?" बायको चहा घेऊन आली तेव्हा त्यांनी विचारलं.

"मीच. दुसरं कोण फिरवणार?" ती म्हणाली आणि उन्हाचा पट्टा डोळ्यांवर येत नसतानाही पडदा ओढायला गेली.

५

बुधवारी गटप्रमुखबाईंनी त्यांना बोलावलं. काकांच्या निम्म्या वयाच्या, पण स्वभावाने समजूतदार. काही बोलण्याआधी त्यांनी समोरचं पेन उचलून दोनदा जागेवर ठेवलं.

"काका, ते तिसरं कलम काढून टाकू या. यंत्र बंद होताना वर्करची वाटच बघत बसतं, हे बाहेर गिऱ्हाइकाकडे घडलं तर आपली शोभा होईल. मालक गेला की वर्कर गेला. सुरुवातीला तुमचंच म्हणणं होतं ना हे?"

"होतं."

"मग तुम्हीच करा. दुसऱ्या कुणी तिच्या ओळी खोडल्या तर..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं. "आणि लॅबमधलं ते यंत्रही त्याच आज्ञेने सोडवा. चाचणी झाली आणि कामही झालं."

वर्करला तडकाफडकी उठवणारी आज्ञा लिहायला काकांना तासभर लागला. रांगेकडे न बघता उठवायचं, फार अवघड नव्हतं. जेवण झाल्यावर ते लॅबमध्ये जाऊन बसले. आज्ञा टाइप केली. एंटरवर बोट ठेवलं. कानावर हेडफोन होते आणि बायको घरी कुणाच्या तरी झालरीबद्दल तक्रार करत होती. गिऱ्हाइकाने माप चुकीचं दिलं आणि वर तोरा केवढा.

"भिंगरे," काकांच्या तोंडून निघून गेलं. "जेवलीस का गं?"

आकडा वाढला.

त्यांनी बोट उचललं. हेडफोन काढून उलटसुलट बघितले. माइक नव्हताच. आयुष्यभर यंत्रांवर विश्वास ठेवलेला माणूस. त्याने यंत्राला विचारायचं तसंच विचारलं. आधी खाकरून पाहिलं. काही नाही. मोठ्याने पाढे म्हटले. आकडा हलला नाही. दारापाशी लॅबवाला फोनवर कुणाला तरी खच्चून शिव्या देत होता, त्यानेही काही झालं नाही. मग काका अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "बाळा, मी बाबा."

आकडा वाढला. थोड्या वेळाने कमी झाला. त्यांचं बोलणं कुणीतरी उचललं होतं आणि पोचवलं होतं.

योगायोग असेल. योगायोगाला काय, कुठेही घडायला मोकळीक असते. पुन्हा करून पाहिल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवू नये, हे काकांनी शेकडो पोरांना शिकवलं होतं. पण पुन्हा करून पाहायचं म्हणजे पुन्हा तिला हाक मारायची, आणि ते काही त्यांच्याने होईना.

जे कळलं ते इतकं होतं. मालक नसला तरी वाढणारे दोघं होते, एक घरी आणि एक इथे. जोवर तिच्याशी कुणी बोलत राहील तोवर ताट भरत राहणार, आणि तिच्याच नियमाने तिला उठता येणार नाही. शुक्रवारी लॅबवाला वायर खेचणार. किंवा आपण एंटर दाबणार. म्हणजे भरल्या ताटावरून उठवणारच. काकांना ते नको होतं. तिने जावं, पण तिने ठरवलेल्या रीतीने, सगळं संपवून. त्यासाठी एक दुपार कुणीच तिच्याशी बोलायला नको होतं.

त्यांनी टाइप केलेली आज्ञा एकेक अक्षर मागे घेत पुसून टाकली.

६

बायकोला सांगेपर्यंत गुरुवारची संध्याकाळ झाली. ती ताटं घासत होती आणि ते विसळून पुसत होते. लग्न झाल्यापासूनची वाटणी होती ती, आणि कठीण बोलणी नेहमी तिथेच होत. एकमेकांकडे बघावं लागत नाही.

"उद्या दुपारी," काका म्हणाले, "तिच्या खोलीत बोलू नकोस."

घासण्याचा आवाज थांबला.

"कोण बोलतं?"

"अगं..."

"तुम्हाला कसं कळलं?" तिने हात तसेच साबणात ठेवले. "शेजारणीने सांगितलं का? वेड लागलंय मला, असं म्हणाली असेल."

"कुणी काही म्हणालं नाही. वेड लागलं असेल तर दोघांनाही लागलंय."

तिने नळ सोडला आणि नळाच्या आवाजाआडून म्हणाली, "त्या दिवशी मी तिच्याशी बोलत राहिले आणि ती ऐकतच नव्हती. हे मला सहन होत नाही हो. ती होती की नव्हती, माझा कितवा शब्द तिने ऐकला आणि कितवा नाही, रात्रंदिवस तेच डोक्यात. मग एक दिवस वाटलं, ऐकते आहे असं धरूनच बोलावं. बोललं की बरं वाटतं. कुणाचं काय जातं?"

कुणाचं काय जातं, हे काकांना माहीत होतं. ते सांगायला त्यांच्याकडे शब्द नव्हते, आणि सांगितलं असतं तर ती जन्मात पुन्हा बोलली नसती किंवा जन्मात थांबली नसती. यांतलं जास्त वाईट कोणतं, ते त्यांना ठरवता येईना.

"एकच दुपार," ते म्हणाले. "मी फोन करेपर्यंत. कारण विचारू नकोस."

"मनातसुद्धा नको?"

काकांनी क्षणभर विचार केला. मनातल्या बोलण्याची त्यांनी चाचणी घेतली नव्हती.

"शक्यतो नको."

"ती वाट बघेल हो," बायको म्हणाली, आणि पदराने डोळे पुसताना साबणाचा फेस गालाला लावून बसली. काकांनी कोरड्या फडक्याने तो पुसून दिला.

७

शुक्रवारी दुपारी लॅबमध्ये ते एकच यंत्र उरलं होतं. बाकीची कपाटं उघडी पडली होती, जमिनीवर कपाटांच्या जागी स्वच्छ चौकोन दिसत होते. लॅबवाला हातगाडी घेऊन दाराबाहेर थांबला होता. आज तो टिंगल करत नव्हता.

"सावकाश होऊ द्या काका," तो म्हणाला. "मी इथंच आहे."

काकांनी भिंगरीची आज्ञा टाइप केली. तिसऱ्या नियमातली. रांगा रिकाम्या होतील तेव्हा वर्करला सोड आणि मला कळव. एंटर दाबलं. यंत्र वाट बघू लागलं. काकांनी हेडफोन घातले आणि ओठ घट्ट मिटले.

ऐकायच्या रांगेत सकाळची थोडी बडबड शिल्लक होती. बायकोने उठल्या उठल्या बोलून घेतलं होतं. तिला तरी दोष कसा द्यावा. उकाडा किती आहे, दूध नासलं, असलं ते बोलणं एकेक करत उचललं गेलं. मग खोलीची शांतता आली. आकडा उतरत गेला. घरी बायको मशीनपुढे हात मांडीवर घेऊन बसली असेल, हे काकांना समोर असल्यासारखं दिसलं. आकडा शून्यावर आला.

आज्ञा परतली नाही, म्हणजे वर्कर अजून सुटला नव्हता.

काकांनी आकडा पुन्हा वाचला. ऐकायची रांग रिकामी होती. मग त्यांची नजर शेजारच्या रांगेवर गेली. बोलायची रांग. इतके दिवस तिच्यात काहीच नव्हतं म्हणून त्यांनी तिच्याकडे नीट बघणंच सोडलं होतं. तिच्यात एक काम आलं होतं.

"आई?"

आवाज जरा घोगरा होता, खूप वेळ गप्प बसलेल्या माणसाचा निघतो तसा. बाकी तोच. काकांनी स्टुलाची कड घट्ट धरली.

"आई, का गं थांबलीस? बोल ना. झालरीचं काय झालं?"

शांतता. त्या शांततेत खुर्ची करकरली. बसलेलं माणूस मागे वळून बघतं तेव्हा खुर्ची अशी करकरते.

"दिसत नाही काही इथून. नुसतं ऐकू येतं. आई, तू गेलीस का बाहेर?"

काकांनी तळहात तोंडावर दाबला. एक शब्द बोललं की रांग पुन्हा सुरू होणार. 'जा बाळा' म्हटलं तरी तो निरोप तिला आधी उचलावा लागणार आणि ती थांबणार. निरोपसुद्धा देता येत नव्हता. ही वेळ आपल्यावर येईल, असं नियम ठरवताना कुणाला वाटलं होतं? त्यांनी डोळे मिटले आणि मनातल्या मनातही काही उमटू नये म्हणून पाढे म्हणायला लागले. बे एके बे, बे दुणे चार.

"बाबा?"

बे त्रिक सहा.

"बाबा, तुम्ही आहात ना? चष्मा बदललात म्हणे."

त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी तळहात आणखी दाबला, दात ओठात रुतेपर्यंत. बे चोक आठ. बे चोक आठ. पुढचं आठवेना.

ती थांबली. उत्तराची वाट बघताना ती नेहमी जितकी थांबायची तितकीच. मग नेहमीच्याच आवाजात, जराही न रागावता म्हणाली, "बरं. कामात असाल."

खुर्ची पुन्हा करकरली, या वेळी उठल्याची. आणि ती कुठल्या तरी दिशेला चालत गेली. पावलं दाराकडे जाण्याइतकी झाली, दारही मागे पडलं, तरी ऐकू येतच राहिली. त्या घरात इतकं लांब चालायला जागाच नव्हती. मग पावलंही ऐकू येईनाशी झाली. बोलायची रांग रिकामी झाली. यंत्राने कळवलं, वर्कर सुटला. पाठोपाठ ते कुरकूर न करता बंद झालं, पंखे मंदावले आणि लॅबमध्ये कधी नव्हती इतकी शांतता झाली.

लॅबवाला आत आला, काकांकडे बघितलं आणि काही न विचारता परत बाहेर जाऊन उभा राहिला.

काकांनी घरी फोन लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत तिने उचलला. फोन हातातच धरून बसली असणार.

"झालं का हो?" तिने दबक्या आवाजात विचारलं. "आता बोलले तर चालेल?"

काकांनी बंद पडलेल्या यंत्राकडे एकदा पाहिलं.

"चालेल," ते म्हणाले. "बोल तू."

तिने सुस्कारा सोडला. फोन ठेवायचं तिला सुचलंच नाही. कुठेतरी कापडांवर टाकला असावा. मशीनचं चाक अडखळत फिरायला लागलं आणि ती लेकीची समजूत घालू लागली. रागावलीस का गं, अगं बाबांनीच सांगितलं होतं गप्प बस म्हणून, आता नाही हो थांबणार, सांग, कुठवर आलं होतं आपलं? मधेमधे ती थांबायची, उत्तराला जागा ठेवायची आणि पुन्हा बोलायची. काका रिकाम्या लॅबमध्ये फोन कानाशी धरून उभे होते. तिचं बोलणं ऐकणारे आता ते एकटेच उरले होते.